आजीचे घर आणि सरकारी दप्तर

१९०४ सालचा उन्हाळा सरत आला होता. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील पोर्टेज नावाच्या तळ्याच्या परिसरात ओजिब्वे लोकांची काही कुटुंबे रानतांदळाच्या सुगीसाठी उतरली होती. त्या मुक्कामातील एका झोपडीत एक मुलगी जन्माला आली, आणि तिला जन्म देणारी आई त्याच बाळंतपणात दगावली. मुलीला तिच्या आजीने, आईच्या आईने, उचलून घेतले व वाढविले. ही मुलगी पुढे मॉड केग या नावाने प्रसिद्धीस आली. मणिकामातील तिचे कौशल्य दूरवर गाजले. उतारवयात तिने आपल्या बालपणाच्या आठवणी ओजिब्वे भाषेत सांगितल्या आणि जॉन निकोल्स या भाषाशास्त्रज्ञाने त्या लिहून घेतल्या. १९९० मध्ये तिला पारंपरिक कलांसाठी दिला जाणारा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

आजीने वाढविलेले मूल ही त्या काळच्या ओजिब्वे समाजात मुळीच नवलाची गोष्ट नव्हती. परंतु त्यानंतर अर्धशतकाच्या आतच असा काळ आला, की आजीच्या घरी राहणाऱ्या मुलाची नोंद सरकारी दप्तरात ‘दुर्लक्षित बालक’ अशी होऊ लागली. आणि त्या एका नोंदीच्या बळावर त्याला उचलून परक्यांच्या घरी नेऊन ठेवता येऊ लागले. आजीचे घर तेच होते. पाहणाराची दृष्टी मात्र निराळी होती. या दोन दृष्टींच्या संघर्षात एका समाजाच्या मुलांचे काय झाले आणि त्या समाजाने आपली मुले परत कशी मागितली, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेतील मोठ्या आदिवासी समाजांपैकी एक होत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना चिपेवा असेही म्हणतात. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवितात. सुपीरियर या विशाल सरोवराच्या भोवताली, आजच्या मिशिगन, विस्कॉन्सिन व मिनेसोटा या राज्यांत आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा या प्रांतांत त्यांची वस्ती पसरलेली आहे. हा मुलूख तळ्यांचा, अरण्यांचा आणि दीर्घ हिवाळ्याचा. अशा मुलखात मूल जगविणे हेच मुळी कठीण काम होते. दुष्काळी हिवाळे, देवीची साथ, बालमृत्यू यांपैकी कशातूनही हा समाज सुटला नाही. तेथील बालसंगोपनाच्या चालीरीती या कठीण काळाशी झगडतच घडल्या होत्या.

या चालीरीतींची तपशीलवार नोंद दोन स्त्रियांनी केलेली आहे. फ्रान्सिस डेन्समोर या संगीत-संशोधिकेचा ओजिब्वे रूढींवरील ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि इनेझ हिल्गर या जोगिणीने निरनिराळ्या वस्त्यांवर हिंडून, वृद्ध स्त्रीपुरुषांना विचारून लिहिलेला केवळ बालजीवनावरील ग्रंथ १९५१ मध्ये बाहेर पडला. या ग्रंथांतून दिसणारे मूल प्रथम भेटते ते एका फळीवर. या फळीच्या पाळण्याला ‘दिकिनागन’ म्हणतात. पातळ लाकडी फळी, डोक्याच्या बाजूस वाकविलेली लाकडाची कमान आणि पायाशी आधार. त्यावर वाळविलेल्या मऊ शेवाळात मूल गुंडाळून बांधीत. हे शेवाळ ओल शोषून घेई. थंडीच्या दिवसांत पाणकणसाचा कापूसही उबेसाठी वापरीत. आई काम करीत असता पाळणा झाडाला टेकवून उभा ठेवी, त्यामुळे मूल छताकडे पाहत पडून न राहता माणसांच्या उंचीवरून जग पाही. कमानीला मुलाची नाळ ठेवलेली छोटी पिशवी आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे विणलेले एक कडे टांगलेले असे. पुढे हे कडे स्वप्नांचे जाळे म्हणून जगभरच्या दुकानांत विकले जाऊ लागले. मुळात ते या पाळण्यावरचे रक्षाबंधन होते.

मुलाचे नाव आईबाप ठेवीत नसत. ज्याला दीर्घायुष्य लाभले आहे आणि स्वप्नातून सामर्थ्य प्राप्त झाले आहे, अशा वृद्धाला तंबाखू देऊन विनंती करीत. मग जेवणावळ होऊन नाव दिले जाई. या समारंभाने नुसते नाव मिळत नसे, एक नवे नातेही जुळे. नाव देणारा आणि नाव घेणारा हे एकमेकांना जन्मभर एकाच शब्दाने हाक मारीत, आणि त्या शब्दात ‘माझा देह’ असा अर्थ दडलेला आहे. वृद्धाने आपल्या आयुष्यातील काही अंश त्या मुलाला दिला, अशी त्यामागील श्रद्धा. मूल अशक्त असेल तर एकाहून अधिक नावे, म्हणजेच एकाहून अधिक आधार, मिळवून देत.

याखेरीज बापाच्या बाजूने येणारे कुळ असे. सारस, पाणबुडा पक्षी, अस्वल, मासा अशा प्राण्यांच्या नावांनी ही कुळे ओळखली जातात. मराठी समाजाला देवक जसे परिचित, तसे ओजिब्वे समाजाला ‘दोदेम’. इंग्रजीत गेलेला ‘टोटेम’ हा शब्द याच भाषेचे देणे होय. नात्यांची रचनाही मराठी श्रोत्याला परकी वाटणार नाही. चुलत आणि मावस भावंडे ही सख्ख्या भावंडांप्रमाणे मानीत. आते-मामे भावंडांची जात मात्र निराळी. उत्तरेकडील ओजिब्वे लोकांत आते-मामे भावंडांचे विवाह होत असत, असे हॅलोवेल या मानवशास्त्रज्ञाने दाखविले. मामेबहिणीशी विवाह मान्य, पण चुलत वा मावस बहिणीशी निषिद्ध, हा महाराष्ट्रातील अनेक जातींत आढळणारा नियमही याच साच्याचा आहे. अशा रचनेत मावशी ही जवळजवळ आईच असते आणि चुलता हा बापाच्या जागी उभा राहतो. एक आई गेली, तरी मुलाभोवतीचे कुंपण मोडत नसे.

मुलांचे शिक्षण ऋतुचक्राबरोबर चाले. हिवाळा संपता संपता कुटुंबे मेपलच्या राईत जात. झाडाला खाच पाडून गोड रस गोळा करायचा आणि आटवून साखर करायची. सुमारे चाळीस भाग रस आटवावा तेव्हा एक भाग पाक हाती येतो. लहान मुलांसाठी सालीच्या छोट्या साच्यांतून साखरेच्या वड्या पाडीत. उन्हाळ्यात बोरांसारखी रानफळे वेचणे आणि मासेमारी. उन्हाळ्याअखेर तळ्यांत ‘मनोमिन’ म्हणजे रानतांदूळ पिके. आपल्याकडील देवभाताप्रमाणे तोही न पेरता पाण्यात उगवतो, जरी ही वनस्पती वेगळी आहे. एकाने होडी रेटायची, दुसऱ्याने दोन काठ्यांनी कणसे झोडून दाणे होडीत पाडायचे; मग वाळविणे, भाजणे आणि खड्ड्यात घालून पायांनी मळणे. हे मळण्याचे काम पुष्कळदा पोरांकडे येई, कारण हलक्या पायांखाली दाणा फुटत नाही. त्यानंतर बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या सोयऱ्याच्या, सालीच्या सुपांत पाखडणे. मुलाच्या अंगाचे वजन कमी, हे येथे व्यंग नव्हते, गुण होता. लहान मुलालाही आपल्यावाचून अडते असे वाटावे, अशी कामाची वाटणी त्या समाजाने केली होती.

मुलगा पहिली शिकार घेऊन आला, मग ती एखादा लहानसा पक्षी का असेना, की घरी मेजवानी होई आणि वडीलधाऱ्यांना बोलावणे जाई. मिळविलेले अन्न आधी दुसऱ्याच्या पानात वाढायचे, हा धडा त्याला शब्दांवाचून मिळे. मारझोड क्वचितच. हट्टी पोराला घुबडाची भीती घालीत, आणि थोड्या मोठ्या मुलांना वृद्ध मंडळी संध्याकाळी जवळ बसवून शांतपणे चार गोष्टी सांगत. नानाबोझो या खट्याळ वीराच्या कथा मात्र जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, असा दंडक होता. वयात येण्याच्या सुमारास मुलासमोर एका हातात अन्न आणि दुसऱ्या हातात कोळसा धरीत. त्याने कोळसा निवडला, तर तो तोंडाला फासून रानात एकांती उपवास करायचा आणि आपल्याला मार्ग दाखविणाऱ्या स्वप्नाची वाट पाहायची. निवड मुलाची असे.

ही घडी मोडण्याचे पहिले कारण जमीन. १८३७, १८४२, १८५४ आणि १८५५ च्या तहांनी ओजिब्वे लोकांचा बहुतेक मुलूख संयुक्त संस्थानांच्या सरकारकडे गेला आणि त्यांच्या वाट्याला राखीव प्रदेशांचे तुकडे आले. १८५० च्या हिवाळ्यात तहाची वार्षिक रक्कम वाटण्याचे ठिकाण मुद्दाम दूर सँडी लेक येथे नेण्यात आले. रक्कम वेळेवर आली नाही, अन्न नासके निघाले, आणि तेथे व परतीच्या वाटेवर मिळून सुमारे ४०० माणसे मेली. १८८७ आणि १८८९ च्या कायद्यांनी राखीव जमिनीही माणशी तुकडे पाडून वाटल्या. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या व्हाइट अर्थ प्रदेशात तर पुढील काही दशकांत बहुतेक जमीन लाकूड-व्यापारी व वसाहतवाले यांच्या घशात गेली. मेपलची राई आणि तांदळाचे तळे हातचे गेले, की मुलांची शाळाही गेली आणि ताटही गेले. सरकारी शिध्यातील मैदा, चरबी आणि साखर हे नवे अन्न झाले. पुढे मधुमेहाने या वस्त्या ग्रासल्या, त्याचे एक मूळ येथे आहे.

दुसरे कारण निवासी शाळा. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पहिली मोठी शाळा उघडली. आदिवासी मूल घरापासून तोडल्यावाचून ‘सुधारत’ नाही, हे तिचे सूत्र होते. १८९१ मध्ये सक्तीच्या हजेरीला कायद्याचा आधार मिळाला, आणि १८९३ मध्ये मूल न पाठविणाऱ्या कुटुंबाचा शिधा रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. शाळेत केस कापीत, नाव बदलीत आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. १९२८ च्या मेरियम अहवालात तपासनीसांनी लिहून ठेवले, की या शाळांत एका मुलाच्या दिवसभराच्या अन्नावर सरासरी ११ सेंट खर्च होत होते. क्षय आणि डोळ्यांची खुपरी यांचा सुळसुळाट होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने पुरी केलेल्या चौकशीत अशा ४१७ शाळांची नोंद झाली आणि तेथे मृत्यू पावलेली निदान ९७३ मुले मोजली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष बायडन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

या शाळांच्या दप्तरांत एक अनपेक्षित ठेवा सापडला. ब्रेंडा चाइल्ड या रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकर्तीने ती दप्तरे चाळली, तेव्हा त्यांत आईबापांची पत्रे मिळाली. मूल आजारी आहे असे ऐकले, ते कसे आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तरी घरी पाठवा. घरी आजारपण आहे, मुलीची गरज आहे, अशा विनवण्या त्यांत होत्या. कारकुनांनी आवक-क्रमांक घालून ती फाइलला लावली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकाने दाखवून दिले, की ज्या आईबापांना शासन बेफिकीर समजत होते, ते वर्षानुवर्षे त्याच शासनाशी आपल्या मुलांसाठी पत्रव्यवहार करीत होते.

याच काळातील एक आठवण ओजिब्वे समाज आजही सांगतो. १९१८ च्या जागतिक फ्ल्यूच्या साथीच्या सुमारास एका माणसाची मुलगी मरणाला टेकली होती. बापाला स्वप्नात धातूच्या नळ्या शिवलेला एक झगा व त्याचा नाच दिसला. त्याने तसा झगा करून मुलीला घातला. ती नाचू लागली आणि बरी झाली. मिनेसोटातील मिल लॅक्स आणि ऑन्टॅरिओतील एक वस्ती, दोन्ही या नाचाला आपला म्हणतात. आज तो उत्तर अमेरिकेत सर्वत्र, आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून, नाचला जातो.

कॅनडातील कथा याहून वेगळी नाही. तेथील निवासी शाळांतून सुमारे दीड लाख आदिवासी मुले गेली. ऑक्टोबर १९६६ मध्ये चॅनी वेनजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा केनोरा येथील शाळेतून पळाला आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने घराकडे चालू लागला. घर सुमारे ६०० किलोमीटर दूर होते. खिशातल्या छोट्या काचेच्या बाटलीत काही काड्या होत्या. काही दिवसांनी त्याचा देह रुळाजवळ सापडला.

शाळा एकेक करून बंद होऊ लागल्या, तरी मुले जाण्याचे थांबले नाही. आता ती बालकल्याणाच्या नावाने जाऊ लागली. १९५८ ते १९६७ या काळात अमेरिकन सरकारच्या आदिवासी खात्याने एका बालकल्याण संघटनेच्या साह्याने ३९५ आदिवासी मुले, बहुतेक दूरच्या गोऱ्या कुटुंबांत, दत्तक दिली. राज्याराज्यांच्या खात्यांनी याच वाटेने कितीतरी अधिक मुले नेली. यात कोणाची दुष्ट बुद्धी असेलच असे नाही. नव्या अधिकाऱ्याच्या हातात एक छापील तक्ता होता. त्यात पालक या रकान्यात आई व बाप एवढ्यांनाच जागा होती. आई शहरात कामाला गेली आणि मूल आजीपाशी राहिले, तर ते ‘सोडून दिलेले’ ठरे. घरात खाटा किती, नळ आहे की नाही, हे मोजले जाई. दाराशी मावश्या किती, हे कोणी मोजले नाही. १९६९ आणि १९७४ च्या पाहण्यांत आढळले, की देशातील २५ ते ३५ टक्के आदिवासी मुले आपल्या कुटुंबांपासून वेगळी झाली होती. ओजिब्वे वस्तीच्या मिनेसोटा राज्यात १९७१-७२ साली एक वर्षाच्या आतील आदिवासी बालकांपैकी जवळजवळ दर चौथे दत्तक दिले गेले.

याला उत्तर समाजाच्या आतून आले. सरकारी धोरणाने शहरात आणून सोडलेल्या ओजिब्वे तरुणांनी १९६८ मध्ये मिनियापोलिस येथे अमेरिकन इंडियन चळवळ सुरू केली. तिच्या संस्थापकांत डेनिस बँक्स आणि क्लाइड बेलकोर्ट हे ओजिब्वे होते. मुले शाळेत जात नाहीत या सबबीवर ती हिरावली जाण्याची भीती असलेल्या पालकांसाठी १९७२ मध्ये मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांत आदिवासींच्या स्वतःच्या दोन शाळा निघाल्या. १९७४ पासून संसदीय समितीपुढे आया आणि आज्या साक्षीला उभ्या राहिल्या. अखेर ८ नोव्हेंबर १९७८ रोजी आदिवासी बालकल्याण कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांची सही झाली.

या कायद्याचे मर्म त्याच्या एका व्याख्येत आहे. ‘विस्तृत कुटुंब’ कोणते, हे त्या त्या जमातीच्या रूढीने ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. मूल आईबापांपासून काढण्याचा प्रसंग आलाच, तर दत्तक देताना पहिला मान विस्तृत कुटुंबाला, दुसरा जमातीतील इतरांना, तिसरा अन्य आदिवासी कुटुंबांना. जमातीला सूचना दिल्यावाचून खटला चालू शकत नाही, आणि तो आपल्या न्यायालयात नेण्याचा हक्क जमातीला आहे. कुटुंब मोडू नये म्हणून खरोखर प्रयत्न केले, हे आधी सिद्ध करावे लागते. ज्या तक्त्यात आजीला रकाना नव्हता, तेथे राष्ट्राच्या कायद्याने तो पाडला. मिनेसोटाने १९८५ मध्ये आपला स्वतंत्र पूरक कायदा केला. पुढे या कायद्याच्या वैधतेवरच आक्षेप आला. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला.

कायद्याने मूल घरी राहू शकते. ते सशक्त होण्याचे काम घराचेच. व्हाइट अर्थ येथील जमातीच्या न्यायालयात रूढीप्रमाणे दत्तक देण्याची सोय आहे. तीत जन्मदात्यांचे नाते कायमचे तोडावे लागत नाही. विस्कॉन्सिनमध्ये लाक कूर्त ओरेय येथे २००० नंतर ओजिब्वे माध्यमाची शाळा उभी राहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘जेथे परस्परांस साहाय्य करतात ते ठिकाण’ असा आहे. त्याच राज्यात काही जमाती व विद्यापीठ यांनी मिळून मुलांच्या स्थूलतेवर उपाय शोधला, तेव्हा घरोघर जाऊन आईबापांशी बोलण्याचे काम वस्तीतीलच अनुभवी माणसांकडे सोपविले. वृद्धाने चार गोष्टी सांगाव्या, ही जुनीच रीत नव्या कामाला लागली. राईत पुन्हा साखरेच्या कढया चढतात, आणि शाळेतील मुले तांदूळ मळायला नेली जातात.

दुखणे संपलेले मात्र नाही. मिनेसोटात घराबाहेर ठेवलेल्या मुलांत आदिवासींचे प्रमाण आजही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक आहे. जी पिढी निवासी शाळेत वाढली तिला घर पाहायलाच मिळाले नाही, आणि न पाहिलेले घर पुढच्या पिढीला उभे करून देणे सोपे नसते. दारू व इतर व्यसने यांनी अनेक कुटुंबे पोखरली आहेत, आणि अशा कुटुंबांतील मुलांना संरक्षण हवेच. वाद संरक्षण असावे की नसावे हा नाही. मुलाला धोका कोठे आहे आणि आसरा कोठे आहे, हे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे, हा आहे.

मॉड केग १९९६ मध्ये वारली. तिच्या आठवणींत मोठे प्रसंग फारसे नाहीत. आजीबरोबर तांदळाच्या तळ्यावर जाणे, साखरेच्या राईतील मुक्काम, आजीने सांगितलेल्या आणि कधी न ऐकलेल्या गोष्टी, असे साधे बालपण त्यांत आहे. आईवाचून वाढलेल्या त्या मुलीला म्हातारपणी सांगण्यासारखे एवढे पुष्कळ होते. आणि ते सांगण्यासाठी तिच्यापाशी आजीची भाषा शाबूत होती.